गुंजभर

बारा बाण आणले खासबागेजवळच्या दुकानातून,
हुपरीच्या एस.टी.त मांडीवर आडवे धरून.
कंडक्टर म्हणाला, पडद्याच्या नळ्या काय ओ वहिनी?
मी हो म्हटलं.
पट्टणकोडोलीपर्यंत पडदेच होते ते.

त्याआधी भिंत.
सन्मतीला पाठ टेकवून उभी केली,
हात दोन्हीकडे ताणलेले,
मधल्या बोटांच्या टोकांशी पेन्सिलीची खूण.
दीडशे सेंटिमीटर. मगदूम सर म्हणाले होते,
अडीचनं भागा, येईल तेवढी तिची ओढ.
साठ. साडेतेवीस इंच आणि वर जरासं.
ओढ अशी मोजता येते हे मला माहीत नव्हतं.

"आता तू उभी राहा."
राहिले. माझ्या खुणा तिच्या खुणांच्या बाहेर गेल्या,
चार चार बोटं.
बांगडीचं माप दिलं होतं मी, ब्लाउजचं, जोडव्याचं.
हे कुणी मागितलं नव्हतं.

दुकानदार म्हणाला, चारशेचे न्या, पोरगी काय, वाढणारच.
मी म्हटलं, एक चारशेला?
हसला. चारशे हा बाणाचा कणा.
आकडा वाढेल तसा बाण मऊ, हिशेबच उलटा.
अठ्ठावीस पौंडांच्या धनुष्याला चारशेचा म्हणजे
लग्नात रुसलेला व्याही:
वाकत नाही, आणि भलतीकडं निघून जातो.
सातशेचे काढायला लावले.
आखूड नकोत, सरांनी दोनदा बजावलेलं.
आखूड बाण टेकूवरून मागं घसरतो
आणि सुटला की थेट मुठीत शिरतो.
फ्रॉकसारखी आतून दुमड घालता येत नाही त्याला,
म्हणून दोन इंच जास्त, उघड्यावरच.
"मी ओढतो की तीस पौंड," सन्मती म्हणाली.
ओढशील. पुढच्या दिवाळीला.

दिवस बुडायच्या आत जेवून
सासऱ्यांनी एक बाण हातात घेतला,
पिसावरून बोट फिरवलं. कुठल्या पाखराचं गं?
प्लास्टिक आहे, मामा.
आणि मारायचं कुणाला?
कागदाला.
त्यांनी बराच वेळ विचार केला.
कागद चालंल, म्हणाले.

रात्री काटा पुसून घेतला,
ज्याच्यावर सतरा वर्षं घुंगरांचे दाणे तोलते.
व्यापारी गुंजेवरून भांडतो, मीही सोडत नाही.
पंखा बंद. एकेक बाण आडवा ठेवला.
सोळा ग्रॅम वीस. सोळा वीस. सोळा एकवीस.
सर ग्रेनमध्ये बोलतात. आमच्या एका गुंजेत
ते दोनाला थोडे कमी बसतात.
अकरा बाण एका आईचे.
बारावा सोळा चौतीस.
टोक काढून पाहिलं, दुसऱ्याचं लावून पाहिलं.
नळीच तशी.
पैंजण असतं तर परत मुशीत टाकलं असतं.

"राहू दे," ती म्हणाली,
आणि माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका
त्याच्या शेपटीला लावून झोपायला गेली.

सकाळी मैदानावर चौकटीत कालचा पेपर ताणला.
तीन पावलांवरून मारायचं आणि फाटलेलं वाचायचं,
सर म्हणाले. भोक गोल, तर बाण सरळ.
चीर पडली, तर चूक कुठं ते चीरच सांगते.
पहिला बाण: बोटभर चीर, डावीकडं.
सरांनी पान्यानं टेकू केसभर सरकवला.
दुसरा: नखाएवढी.
परत केसभर.
तिसऱ्याला तिनं कुणाला न विचारता
लाल ठिपक्याचा काढला.

ठप्प.

मी जवळ जाऊन पाहिलं.
सोन्याचांदीच्या भावाच्या रकान्यात
एक गोल भोक, तीन बारीक पाकळ्यांचं.
चांदी, किलोला,
आणि पुढचा आकडा उडालेला.